सीआयएच : विध्वंस आणि दुरुस्ती

संगणक-विषाणूंच्या इतिहासात विध्वंसाचे वर्णन रसभरीत असते. निवारणाचा भाग मात्र दोन ओळींत उरकला जातो. सीआयएचच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा असे वाटते, कारण त्याची खरी कथा दुरुस्तीची आहे.

तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ साली तो लिहिला. विषाणूचे नाव म्हणजे त्याचीच आद्याक्षरे. २६ एप्रिल १९९९ रोजी, सोमवारी, तो जगभर एकाच वेळी फुटला. १९८६ मधील चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच, म्हणून वृत्तपत्रांनी त्याला तेच नाव दिले. (दोन्हींना जोडणारा दुवा तारखेचाच, पण भयाला नाव लागते.) दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानला मोठा फटका बसला, भारत आणि बांगलादेशही सुटले नाहीत. चोरट्या प्रतींना दोष देणे सोपे होते, परंतु आयबीएमचे काही नवे अ‍ॅप्टिव्हा संगणकही मार्च १९९९ मध्ये हा विषाणू घेऊनच बाहेर पडले होते.

त्याची रचना कमालीची काटकसरी होती. जेमतेम एक किलोबाइटचा हा मजकूर विंडोज ९५ व ९८ च्या प्रोग्रॅम-फाइलींमधील रिकाम्या फटींत तुकड्यातुकड्यांनी बसे. फाइलीचा आकार वाढत नसे, त्यामुळे संशयही येत नसे. एकदा स्मृतीत शिरला की उघडलेली प्रत्येक प्रोग्रॅम-फाइल तो बाधित करी. यातला विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे : बाधित संगणकावर तपासणी सुरू केली, की तपासणारा प्रोग्रॅम एकेक फाइल उघडत जाई आणि विषाणू त्याच्या मागोमाग पसरे. म्हणून निर्दोष फ्लॉपीवरून संगणक सुरू करणे ही उपचाराची पहिली पायरी ठरली.

ठरलेल्या दिवशी मात्र तो दोन घाव घाली. पहिला हार्ड डिस्कच्या आरंभीच्या भागावर. तेथे विभागणीचा तक्ता आणि फाइलींचा नकाशा असतो. तो गेला की डिस्क कोरी दिसते. पण ‘दिसते’ हा शब्द महत्त्वाचा. पुसला जाई तो साधारण पहिला मेगाबाइट. दस्तऐवज पुढे जागच्या जागी असत. फॅट३२ पद्धतीत मोठ्या विभागाचा नकाशाच मेगाबाइटहून लांब असे आणि त्याची दुसरी प्रत त्यानंतर, म्हणून ती वाचे. हे ओळखून स्टीव्ह गिब्सन यांनी फिक्स-सीआयएच हा प्रोग्रॅम लिहिला व विनामूल्य दिला. त्या प्रतीवरून हरवलेला आरंभ पुन्हा उभा करता येई. जुन्या फॅट१६ विभागात दोन्ही नकाशे आणि मूळ सूचीही त्याच मेगाबाइटमध्ये असल्याने पहिला विभाग बहुधा हातचा जाई. मागचे विभाग तेवढे वाचवता येत.

दुसरा घाव बायॉसवर. सर्वच मदरबोर्डांवर तो लागू पडत नसे. लागू पडला तर संगणक सुरूच होत नसे. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येई, पण चिप बिघडली तर ती बदलणे भाग होते. काही कारागीर तशाच दुसऱ्या बोर्डावर संगणक सुरू करून, विद्युतप्रवाह चालू असतानाच चिपा बदलत आणि बिघडलेली चिप तेथे पुन्हा लिहून घेत. चिप बोर्डाला झाळलेली असेल, तर हा उपायही खुंटे. मग अख्खा बोर्डच बदलावा लागे.