बासष्टचा स्वेटर

मंडळी, दिल्लीच्या पोस्टिंगवर लिहायचं म्हटलं की लाल किल्ला, इंडिया गेट, परेड हे आलंच. त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. म्हणून या वेळी पहाडगंज. आणि पहाडगंजमधलीही हॉटेलं नाहीत, तर लोकर.

आपल्यापैकी बहुतेकांनी पहाडगंज पाहिलं ते झेलम एक्सप्रेसच्या कृपेने. पुण्याहून जम्मूकडे जाताना नवी दिल्ली स्टेशन लागतं. एक नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने बाहेर पडलं की समोर पहाडगंज, पलीकडच्या बाजूने अजमेरी गेट. पुढची गाडी रात्रीची असेल तर काळी ट्रंक आणि होल्डॉल एकाच्या ताब्यात देऊन बाकीचे मेन बझारमध्ये चक्कर मारायला जाणार, हा ठरलेला कार्यक्रम. डिसेंबरात साताऱ्या-सांगलीकडून पहिल्यांदा वर चाललेल्या पोराला थंडी म्हणजे काय ते इथेच कळतं. मग फुटपाथवरची माकडटोपी घेतली जाते. घरून आईने दिलेली कानटोपी ट्रंकेत तळाशी असते, ती काढायला लाज वाटते. दोन महिन्यांनी पोस्टवर तीच डोक्यात असते.

मोगल काळात पहाडगंज ही तटबंदीबाहेरची धान्याची मोठी बाजारपेठ होती. नवी राजधानी उभी राहिली, स्टेशन आलं आणि वस्तीचं रूप पालटलं. त्याहून मोठा बदल १९४७ मध्ये झाला. पश्चिम पंजाबातून उठून आलेली हजारो कुटुंबं या भागात शिरली. इथल्या एका वस्तीचं नाव अजूनही मुलतानी ढांडा आहे. मराठी माणसालाही पहाडगंज परकं नाही. बृहन्महाराष्ट्र भवन इथे आहे, नूतन मराठी शाळा याच भागात आहे. सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेली आपली कुटुंबं आणि मुलतान-लाहोरकडची कुटुंबं अशी एका जिन्यावर राहू लागली. त्या जिन्यावर विणकामाची देवघेव झाली.

कारण आपल्याकडे लोकर होती ती घोंगड्याची. माणदेशातल्या आणि सोलापूरकडच्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर राठ असते. तिचं घोंगडं मागावर विणलं जातं, पावसाला दाद देत नाही, पण अंगाला टोचतं. त्या लोकरीचं तान्ह्या बाळाला टोपडं करायचं कुणाच्या मनातही येणार नाही. दोन सुयांवरचं विणकाम आपल्या घरांत मुख्यतः इंग्रजांबरोबर, मिशनच्या आणि मुलींच्या शाळांतून आलं. आपल्या बायांनी ते उचललं बाळासाठी. बाळंतविड्यातली कुंची, टोपडं, पायमोजे एवढाच त्याचा संसार. क्रोशाचा हात मात्र चांगला बसला, पण तो दोऱ्यावर. दाराचं तोरण, रेडिओवरचा रुमाल, ताटावरचं झाकण. मोठ्या माणसाला पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणण्याएवढी थंडी आपल्याकडे पडतेच कुठे? दिल्लीत पडते. शेजारची पंजाबी बाई उन्हात खाट टाकून बोलता बोलता खाली न बघता विणत असते. आपण ज्याला टाका म्हणतो त्याला ती फंदा म्हणते. सुलट टाका म्हणजे सीधा फंदा, उलट टाका म्हणजे उलटा फंदा. एवढे दोन शब्द जुळले की पुढचं डोळ्यांनी शिकता येतं.

आता फौजेकडे येतो, कारण विणकामाचा आणि फौजेचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. पुढून बटणं असलेल्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात. ते एका इंग्रज सरदाराचं नाव. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी लाइट ब्रिगेडचा तो गाजलेला घोडदळी हल्ला त्याच्याच नेतृत्वाखाली झाला. खांद्याला शिवण नसलेल्या बाहीला रॅगलन म्हणतात, तो त्याच युद्धातला इंग्रज सरसेनापती. आणि आपल्या माकडटोपीला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात, ते तिथल्या बंदराचं नाव. टोपीला हे नाव मागाहून चिकटलं, पण मूळ कारण तिथलंच. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात बालाक्लाव्हाजवळ प्रिन्स नावाचं जहाज बुडालं आणि त्याच्याबरोबर सैन्याचे हिवाळी कपडे तळाला गेले. मग इंग्लंडातल्या बायांनी सुया हातात घेतल्या.

पायमोज्याचा चवडा शिवण न दिसता बंद करायची एक पद्धत आहे, तिला इंग्रजीत किचनरचा टाका म्हणतात. लॉर्ड किचनरने स्वतः तो शोधला ही दंतकथा असावी. सरसेनापतीला एवढी उसंत असते असं मला वाटत नाही. पण हाच किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि १९०३ च्या त्याच्या फेररचनेत आपल्या पलटणींना नवे नंबर मिळाले. तिसरी बॉम्बे १०३ झाली, पाचवी १०५, दहावी ११०, सतरावी ११७. जंगी पलटण आणि काळी पाचवीच्या वाचकांनी पायमोजे चढवताना हे आठवायला हरकत नाही.

पहिल्या महायुद्धात आपलं सैन्य फ्रान्सला गेलं. २६ सप्टेंबर १९१४ ला पहिल्या तुकड्या मार्सेलला उतरल्या तेव्हा अंगावर उन्हाळी खाकी होती. गरम कपडे मागून, तुकड्यातुकड्यांनी आले. हिंदी सैनिकांसाठी लंडनमध्ये एक निधी उभा राहिला, त्यातून मफलर, मोजे, टोप्या खंदकात पोचल्या. म्हणजे गोष्ट तीच. कोठारातलं सामान वेळेवर पोचत नाही, तेव्हा घरातली सुई चालायला लागते.

बासष्टला हेच आपल्या घरात घडलं.

ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीच्या काठी आपली ७ इन्फंट्री ब्रिगेड होती. ब्रिगेडियर जॉन दळवी तिचे कमांडर. युद्धकैदी म्हणून सात महिने काढून परत आल्यावर त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तक लिहिलं, ते १९६९ मध्ये आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, पण रात्री झोपण्यापूर्वी नको. जवानांच्या अंगावर सुती गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट, वाट्याला एकेक घोंगडी. विमानातून सामान टाकायची जागा त्सांगधर, उंची साडेचौदा हजार फुटांच्या आसपास, आणि टाकलेल्यातलं बरंचसं दऱ्यांत जायचं. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. २ राजपूत पलटणीचे ५१३ जण तिथे होते, त्यांतले २८२ कामी आले.

सुती कपड्याचं काय होतं ते वर राहिलेल्याला सांगायला नको. घामाने भिजला की तो थंडी आत घेतो. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषून घेते तरी अंगाला गार लागत नाही. देशात लोकर नव्हती असंही नाही. कानपूरची लाल इमली, पंजाबातलं धारीवाल या गिरण्या आधीच्या शतकापासून फौजेचा माल काढत होत्या. ठाण्याची रेमंड गिरणी सुरुवातीला घोंगड्या आणि गणवेशाच्या कापडावरच उभी राहिली. शाहजहानपूरला सरकारी कपड्यांचा कारखाना होता. गिरणीतून निघालेला माल त्या नदीकाठी पोचत नव्हता, दुखणं ते होतं.

बातम्या आल्या आणि देशभर बायांनी विणायला घेतलं. सोनं दिलं, रक्त दिलं, हे आपण ऐकलेलं असतं. विणकामाचा उल्लेख एका ओळीत संपतो. दिल्लीत मला त्या वेळच्या एक काकू भेटल्या. त्या पहाडगंजमध्ये वाढल्या, बासष्टला दहा वर्षांच्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत शक्य तितकं देतो.

"आईला क्रोशा यायचा, सुया नाही. खालच्या मजल्यावर मुलतानच्या बीजी होत्या. त्यांनी आईला सांगितलं, तू पाठ विण, पाठीला काही कळत नाही, सरळ असते. गळा मी घालीन. मग आमच्या जिन्यावर तसंच ठरलं. नवीन बायका पाठ आणि बाह्या करायच्या, गळा आणि जोडणी बीजींकडे."

"माप कुणाचं घेतलंत?" मी विचारलं.

"बाबांचं. दुसरं कुणाचं घेणार? बाबा ऑफिसातून आले की आई पाठीला लावून बघायची. बीजी हसायच्या. म्हणायच्या, तुझा नवरा कारकून आहे, फौजी नाही, चार बोटं वाढव."

बीजींचं बरोबरच होतं. त्या मापाचा स्वेटर आमच्या पलटणीतल्या एखाद्या गड्याला बसला असता. जाट पलटणीतल्या जवानाला तो बेंबीच्या वर राहिला असता.

यावरून मी एक हिशेब करून पाहिला. काकूंना विचारून, पहाडगंजमधल्या लोकरीच्या दुकानदाराला विचारून. अडतीस छातीचा माणूस धरा. समोरचा भाग ११५ टाक्यांचा, १८० ओळी. पाठ तेवढीच. दोन्ही मिळून ४१,४०० टाके. बाही सरासरी ७० टाके, १४० ओळी, दोन बाह्यांचे १९,६००. एकूण ६१,००० टाके. चांगला हात मिनिटाला पंचवीस टाके घालतो असं धरलं तरी चाळीस तास. घरचं सगळं आवरून बाईला दिवसाला दोन तास मिळाले तर वीस दिवस. दुकानदार सरदारजी म्हणाले, "फौजी साहब, नये हाथ का तो महीना लगाओ।"

युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झालं आणि २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. बत्तीस दिवस. तवांग पहिल्या पाच दिवसांत गेलं होतं. २१ ऑक्टोबरला कुणी टाके घातले असते तरी स्वेटर १० नोव्हेंबरच्या आधी सुईवरून उतरत नाही. त्यानंतर गोळा करणं, गाठोडी बांधणं, रेल्वेने आसामला, तिथून वर. नामका चूवर जे उघडे होते त्यांच्यासाठीच हे विणलं जात होतं, आणि त्यांच्यातल्या कुणाच्याही अंगावर ते पडणं शक्य नव्हतं. विणणाऱ्या बायांना बहुधा हे कळत होतं. काकूंनी सांगितलं की युद्ध थांबल्याची बातमी आली त्या दिवशी आईची दुसरी बाही अर्धी झाली होती. तिने ती पुरी केली.

पुढे यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं तेव्हापासून आपण म्हणत आलो. फौज वाढली, पहाडी डिव्हिजन उभ्या राहिल्या, त्यांचं कपडालत्त्याचं सामान बदललं. त्या पहिल्या हिवाळ्यांत वर गेलेल्या पोरांना घरगुती स्वेटर मिळाले असणार. गणवेशाच्या वरून घालायची मुभा नाही, पण जर्सीच्या आत काय आहे ते कोण बघतो? रात्रीच्या ड्युटीला तर कोणीच नाही. पासष्टला आणि एकाहत्तरलाही बायांनी विणलं, पण तोवर सुया सरावाने चालत होत्या, बासष्टसारख्या घाबरून नाही.

आज गरज उरलेली नाही, हे चांगलंच झालं. १९८४ पासून आपण सियाचेनवर आहोत, तिथे हातविणीचा स्वेटर घालून कुणी उभं राहणार नाही, राहू नये. लाल इमली आणि धारीवालची धडधड थांबली. पहाडगंजच्या दुकानात आता बहुतेक माल ॲक्रिलिक. रंग झकास, धुवायला सोपं, लहान मुलांना ठीक. पण घरून येणारी वस्तू पोस्टवर वापरायची असेल तर घरच्यांना एवढं नक्की सांगा, अस्सल लोकर घ्या. बुखारीजवळ ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं, लोकर सहसा पेट घेत नाही. आणि सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याचा हिरवा रंग पहिल्या हिरव्याशी जुळत नाही. जोडलेल्या बाहीवर तो आयुष्यभर दिसतो.

स्वेटरचं पुढे काय झालं, असं मी काकूंना विचारलं. आईने एका कागदावर पत्ता लिहून तो आत घडीत ठेवला होता. पत्र आलं नाही. कुणाकडे गेला ते कळलं नाही. पण लोकर उरली होती, फौजी हिरवी, दीड गुंडा. तिची आईने काकूंना कानटोपी केली. या वेळी गळा-बिळा नव्हता, त्यामुळे बीजींची मदत लागली नाही. काकू म्हणाल्या, त्या हिवाळ्यात शाळेत गेले तर वर्गातल्या निम्म्या मुलींच्या डोक्यावर त्याच रंगाच्या टोप्या.