चाळीस बाइटांची मुभा

शासकीय पत्रव्यवहाराशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना लखोट्यावरील शेऱ्यांचे महत्त्व सांगावयास नको. ‘गोपनीय’, ‘तातडीचे’, ‘अमुक कार्यालयामार्फत’ हे शब्द पत्राच्या मजकुरात नसतात. ते पत्र वाहणाऱ्यांसाठी असतात आणि वाटेतील प्रत्येकाने ते वाचून त्याबरहुकूम वागावे अशी अपेक्षा असते. संगणकांच्या जागतिक जाळ्यातून जी असंख्य पाकिटे अहोरात्र धावत असतात, त्यांच्यावरही असे शेरे मारण्याची सोय प्रारंभापासून आहे. त्या सोयीला ‘ऑप्शन’ म्हणतात. तिचा इतिहास सोयीचा कमी आणि विश्वासाचा अधिक आहे, म्हणूनच आज तो आपणांपुढे मांडावासा वाटतो.

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचे विधान आरएफसी ७९१ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्याचे संपादक जॉन पोस्टेल. प्रत्येक पाकिटाच्या अग्रभागी किमान वीस बाइटांचे हेडर असावे, त्यात पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, लांबी इत्यादी तपशील असावा, असे या विधानाने ठरविले. हेडर किती लांब आहे हे सांगण्यासाठी मात्र चारच बिटांची जागा ठेवली. चार बिटांत पंधराहून मोठा अंक मावत नाही. माप चार-चार बाइटांचे. म्हणजे हेडर साठ बाइटांहून लांब होऊच शकत नाही. साठातून वीस वजा केले की उरतात चाळीस. ही चाळीस बाइटे म्हणजे शेऱ्यांची जागा. पाकिटाने ज्या ज्या राउटरमधून प्रवास केला त्यांचे पत्ते टिपून घेणे, प्रत्येक ठिकाणची वेळ नोंदविणे, पाठविणाऱ्याने आखून दिलेल्या मार्गानेच पाकीट नेणे, त्यावर लष्करी गोपनीयतेची पायरी दर्शविणे अशी कामे या जागेत बसविण्यात आली. हे जाळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने वाढत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे शेवटच्या शेऱ्याचे नवल वाटत नाही.

या विधानात एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली आहे आणि पुढील सर्व कथेचे मूळ तेथेच आहे. शेरा मारणे ऐच्छिक आहे. तो समजून घेण्याची व्यवस्था करणे ऐच्छिक नाही. पाठविणाऱ्याला मुभा, घेणाऱ्याला बंधन! एखादा शेरा वर्षानुवर्षे कोणी वापरला नाही, तरी प्रत्येक यंत्राने तो वाचण्यास सिद्ध राहिलेच पाहिजे.

हे वाचन करतो कोण? संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो. स्मृती, यंत्रसामग्री, सर्व कार्यक्रमांचे व्यवहार यांवर त्याची पूर्ण सत्ता असते, आणि म्हणूनच त्याच्याकडून झालेली चूक ही एका कार्यक्रमाची चूक राहत नाही. सारा संगणक कोसळतो किंवा परक्याच्या हाती जातो. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनी युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसृत केली. इंटरनेट प्रोटोकॉल गाभ्यातच बसवून देणारी ही आवृत्ती विद्यापीठांतून दूरवर पसरली आणि तिच्या संहितेचे वंशज आजही अनेक प्रणालींत नांदत आहेत.

ही संहिता शेरे कसे वाचते ते पाहण्याजोगे आहे. प्रथम एकच तुलना: हेडर वीस बाइटांहून लांब आहे काय? नसेल, आणि बहुतेक वेळा नसतेच, तर पाकीट तसेच पुढे जाते. असेल तर वाचनाचा फेरा सुरू होतो. पहिला बाइट शेऱ्याचा प्रकार सांगतो. शून्य असेल तर शेरे संपले. एक असेल तर ती नुसती रिकामी जागा. अन्य काही असेल तर पुढचा बाइट त्या शेऱ्याची लांबी सांगतो, आणि तितकी पावले पुढे टाकून वाचक पुढील शेऱ्याशी येतो. किती सरळ पद्धत! पण लांबीचा हा आकडा लिहिला कोणी? परक्याने. त्याने तेथे शून्य लिहिले तर वाचक शून्य पावले पुढे जाईल, म्हणजे तेथेच राहील, तोच शेरा पुन्हा वाचील आणि कल्पान्तापर्यंत वाचीत राहील. त्याने उरलेल्या जागेहून मोठा आकडा लिहिला, तर वाचक हेडरची सीमा ओलांडून भलत्याच स्मृतीत शिरेल. म्हणून लांबी शून्याहून मोठी आणि उरलेल्या जागेत मावणारी आहे, एवढी साधी खात्री प्रत्येक पावलाला करून घ्यावी लागते. लिनक्सच्या गाभ्यात टीसीपीचे ऑप्शन वाचताना दोनहून लहान लांबी आढळली की काम थांबविले जाते, आणि त्या ओळीशेजारी लेखकाने ‘सिली ऑप्शन्स’, म्हणजे ‘खुळचट शेरे’, अशी टीप करून ठेवली आहे. कार्यालयीन टिप्पणीत असे लिहिण्याची सोय असती तर किती बरे झाले असते!

चुकीचा शेरा आढळल्यास पाकीट टाकून द्यावे आणि पाठविणाऱ्याला तसे कळवावे, असाही शिष्टाचार आहे. नुसते ‘अर्जात त्रुटी आहे’ असे मोघम उत्तर नव्हे, तर कितव्या बाइटाशी चूक आहे हेही त्या उत्तरात सांगतात. हा सौजन्याचा भाग लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

वाचनाइतकेच लेखनाचेही काम गाभ्यावर येते. आखलेल्या मार्गाचा शेरा असेल तर यादीतील पुढचा पत्ता काढून तो गंतव्याच्या जागी बसवायचा, रिकाम्या झालेल्या जागी स्वतःचा पत्ता लिहायचा आणि दर्शक चार बाइट पुढे सरकवायचा. पाकिटाचे वाटेत तुकडे करावे लागले तर कोणता शेरा प्रत्येक तुकड्यावर उतरवायचा आणि कोणता फक्त पहिल्यावर ठेवायचा, हेही पाहावे लागते. मार्गनोंदीची मौज अशी, की चाळीसांतून तीन बाइटे शेऱ्याच्या स्वतःच्या व्यवस्थेत जातात आणि उरलेल्या जागेत चार बाइटांचे नऊच पत्ते मावतात. जाळे लहान होते तोवर नऊ पुरेसे होते. पुढे ते अपुरे पडू लागले. वॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसराउट’ हे मार्ग शोधण्याचे साधन रचले, ते या शेऱ्याच्या वाटेस गेलेच नाही. पाकिटाचे आयुष्य मुद्दाम एक, दोन, तीन टप्प्यांचे ठेवायचे आणि ते जेथे जेथे मरेल तेथून येणारी वर्दी टिपायची, अशी ती युक्ती. तिला चाळीस बाइटांची मर्यादा नाही.

आखलेल्या मार्गाच्या शेऱ्याने मात्र खरा घात केला. त्या काळी अनेक युनिक्स यंत्रे समोरच्याचा पत्ता ओळखीचा असला की संकेतशब्द न विचारता त्याला आत घेत असत. एप्रिल १९८९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीव्हन बेलोव्हिन यांनी एका निबंधात यातील धोका उलगडून दाखविला. शत्रूने विश्वासू यंत्राचा पत्ता धारण केला, तरी एरवी उत्तरे त्या खऱ्या यंत्राकडे जातात आणि शत्रूचे फावत नाही. परंतु मार्ग आखून आलेल्या पाकिटाला उत्तर देताना गाभा तोच मार्ग उलटा करून वापरतो, कारण नियमच तसा होता. शत्रूने त्या मार्गात स्वतःला बसविले की उत्तरे बिनबोभाट त्याच्या हाती! येथे संहितेत चूक नव्हती. गाभ्याने नियम तंतोतंत पाळला आणि त्या पालनातूनच दार उघडे राहिले.

यानंतर व्यवस्थापकांनी असे शेरे असलेली पाकिटे सीमेवरच अडविण्यास प्रारंभ केला. दुसरेही कारण होते. वेगवान राउटर पाकिटे यंत्ररचनेतच पुढे ढकलतात. शेरा दिसला की पाकीट बाजूला काढून सामान्य प्रोसेसरकडे, म्हणजे मंद खिडकीकडे, पाठवावे लागते. अशी पाकिटे ढिगाने पाठवून ती खिडकी तुंबविता येते. २००५ साली बर्कले येथेच झालेल्या मोजणीत, शेरे असलेली पाकिटे निम्म्याच्या आसपास मार्गांवर गळून पडतात, असे दिसून आले. तरीही धडा पूर्ण गळी उतरला नव्हता. नव्या सहाव्या आवृत्तीच्या प्रोटोकॉलमध्ये १९९५ साली मार्ग आखण्याची हीच सोय वेगळ्या हेडरच्या रूपाने परत आली, आणि तीही चाळीस बाइटांच्या कुंपणावाचून. एप्रिल २००७ मध्ये फिलिप बिऑंदी व अर्नो एबलार्द यांनी व्हँकुव्हर येथील परिषदेत दाखवून दिले, की तेच दोन पत्ते आळीपाळीने लिहून एक पाकीट दोन यंत्रांमध्ये चेंडूसारखे खेळवीत ठेवता येते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही सोय विधिवत रद्द झाली.

टीसीपीच्या ऑप्शनांचे भाग्य मात्र वेगळे निघाले. तेही चाळीस बाइटांचेच. पण ते दोन टोकांमध्ये, जोडणीच्या प्रारंभी, उभयतांच्या संमतीने ठरतात. वाटेतील कोणास ते वाचण्याचे बंधन नाही, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे मर्म यातच आहे. पासष्ट हजार पाचशे पस्तीस बाइटांची जुनी खिडकी एक गिगाबाइटपर्यंत रुंदावली ती याच जागेतून. वेळेची नोंद तर इतकी नित्याची झाली, की लिनक्सचा गाभा तिच्या आरंभीचे चार बाइट, १, १, ८ आणि १०, सुटे न वाचता एकाच संख्येप्रमाणे ताडून पाहतो. जुळले तर फेऱ्याची गरजच उरत नाही.

आणि आता त्या सौजन्याच्या उत्तराविषयी. जुलै २०१९ मध्ये आर्मिस या संस्थेने ‘व्हीएक्सवर्क्स’ या प्रणालीतील अकरा दोष जाहीर केले. ही प्रणाली टेबलावरील संगणकात नसते. ती कारखान्यांतील नियंत्रकांत, प्रिंटरांत आणि रुग्णांच्या उशाशी असलेल्या उपकरणांत असते. त्या अकरांपैकी एक दोष आखलेल्या मार्गाच्या शेऱ्याचा होता. विकृत शेरा आला की गाभा चुकीची वर्दी देण्यासाठी उत्तर सिद्ध करी, आणि ते करताना परक्याचा शेरा पुरेशी पारख न करता मोजक्या जागेत उतरवून घेई. जागा ओसंडे आणि शेजारची स्मृती परक्याच्या अक्षरांनी भरून जाई. त्यासाठी उपकरणावर कोणताही विशिष्ट कार्यक्रम चालू असण्याची आवश्यकता नव्हती. एक पाकीट पुरे होते, आणि त्यावर असा शेरा की जो प्रामाणिक पत्रव्यवहारातून जवळजवळ नाहीसा झालेला होता. दुरुस्तीची संहिता त्याच वेळी उपलब्ध झाली. पण उशाशी ठेवलेल्या उपकरणाला नवी संहिता चढवावयाची तर ते काही काळ बंद करावे लागते, आणि तो काळ कोणता हे ठरविणे संगणकतज्ज्ञाच्या हाती नसते.