आर्यनायकम आणि आशादेवी : वर्ध्याचे मुख्याध्यापक सेवाग्रामच्या शाळेत आले तेव्हा

वर्धा : सेवाग्रामचा आश्रम बघायला लांबून माणसं येतात. बापू कुटी बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. आश्रमाजवळच नई तालीमचा परिसर आहे, तिकडे मात्र थोडेच वळतात. ज्या शिक्षक जोडप्याने आपली उमेदीची वर्षं या शाळेला दिली, त्यांची नावं आज आपल्याच जिल्ह्यात अनेकांना माहीत नाहीत. ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी आर्यनायकम हे ते जोडपं.

कोण होते हे दोघे?

आर्यनायकम मूळचे सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे तमिळ. शांतिनिकेतनात ते रवींद्रनाथ ठाकूर यांचे सचिव होते. १९३० मध्ये रवींद्रनाथ रशियाला गेले, तेव्हा तेही सोबत होते. आशादेवींचा जन्म १९०१ चा, लाहोरचा. घर बंगाली. शांतिनिकेतनात त्या मुलींना शिकवत. तिथेच दोघांचं लग्न झालं.

दोघांचीही मायबोली मराठी नाही. तरी दोघे वर्ध्यात आले आणि इथलेच झाले. जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या मारवाडी विद्यालयाची, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयाची जबाबदारी आर्यनायकम यांनी मुख्याध्यापक म्हणून घेतली. शहरातली चांगली शाळा, मानाची खुर्ची. पण पुढे वेगळंच घडायचं होतं.

१९३७ ची वर्धा परिषद

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच विद्यालयाच्या निमित्ताने वर्ध्यात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले. अध्यक्ष होते महात्मा गांधी. सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेलं, असे ठराव झाले. अभ्यासक्रम ठरवायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचे निमंत्रक आर्यनायकम होते. आशादेवी, विनोबा भावे आणि काकासाहेब कालेलकर हेही समितीत होते. डिसेंबरच्या सुरुवातीलाच अहवाल तयार झाला.

१९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनंतर हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. अध्यक्ष झाकीर हुसेन, मंत्री आर्यनायकम. काम सुरू झालं ते सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात. मुख्याध्यापक शहर सोडून खेड्यात आले.

टकळीवरचं गणित

समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा धरला होता. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला, ४० मिनिटं मातृभाषेला, ४० मिनिटं गणित, चित्रकला व संगीताला. मग पोरं शिकणार कधी, असं कोणालाही वाटेल. तर गोष्ट अशी, की काम हेच पुस्तक होतं.

वर्धा म्हणजे कापसाचा मुलूख. वेचणी, सरकी काढणं, पिंजणं, पेळू करणं आणि टकळीवर सूत कातणं, हे सगळं मुलांच्या हाताशी. चार फूट सूत म्हणजे एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. आज किती तार निघाले, गुंडीला किती कमी पडले, याचा हिशेब मूल स्वतः मांडायचं. कापूस कोणत्या जमिनीत येतो, इथून मुलं भूगोलात शिरायची. गावचा कापूस विलायतेच्या गिरण्यांत का गेला, इथून इतिहासात. या पद्धतीला समवाय म्हणत. साफसफाई, स्वयंपाक, भाजीचा वाफा हेही शिक्षणच. शिक्षकही मुलांबरोबर झाडू घ्यायचे.

लोकांची शंका

टीका तेव्हाही झाली. शाळेचा कारखाना होईल, मुलांना मजूर कराल, असं जाणकार म्हणाले. मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा अनेकांना पटली नाही. समितीनेही आपल्या अहवालात बजावलं होतं, की कमाईच्या नादात शिक्षण मागे पडता कामा नये. शिवाय अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हती. खेड्यातल्या आईबापांना धाक वाटणं साहजिक होतं. इंग्रजीशिवाय नोकरी कशी मिळणार? शेतात राबून राबून कंबर मोडली, आता शाळेतही पोराने हातात झाडूच घ्यायचा का? ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या झाडूच आला, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न अजूनच टोकाचा होता.

आर्यनायकम आणि आशादेवी यांनी या शंकेला भाषणातून कमी आणि शाळा चालवून जास्त उत्तर दिलं. काम सगळ्यांनी करायचं, जात बघून वाटायचं नाही, हा तिथला नियम. सेवाग्रामात त्यांचा लहान मुलगा वारला, तरी दोघांनी गाव सोडलं नाही.

जन्मापासून शेवटपर्यंत

जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर नई तालीमचा पसारा वाढला. बालवाडीचं वय, मूळ शाळा, उत्तर बुनियादी आणि प्रौढशिक्षण, सगळं एका माळेत आलं. शांता नारूलकर यांनी लहान मुलांचं काम उभं केलं, देवीप्रसाद यांनी चित्रकला शिकवली, मार्जोरी साइक्स यांनी शिक्षक घडवले. १९५४ मध्ये आशादेवींना पद्मश्री मिळाली.

पुढे काय झालं?

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा देशभर निघाल्या, पण पुष्कळ ठिकाणी टकळी आली आणि समवाय शिकलेला शिक्षक आला नाही. सूत कातणं हा एक रटाळ तास झाला. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कामाचा विचार कार्यानुभव या नावाने पुढे नेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना हा तास आठवत असेल. त्याचं मूळ वर्ध्यात आहे.

सेवाग्रामच्या त्याच परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू आहे. मुलं तिथे शेती करतात, सूत काततात, स्वयंपाक करतात आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकतात.

आईबापांचा तो जुना प्रश्न आजही गावोगावी आहे. शाळा निवडताना आपण इंग्रजी बघतो, बस बघतो, गणवेश बघतो. या जोडप्याची शाळा आणखी एक गोष्ट बघायला सांगते. शिकून आलेलं मूल आईबापाच्या कामाकडे मानाने बघतं, की त्याची लाज बाळगतं?