शोधयंत्रांची क्रमवारी आणि मराठी संकेतस्थळे

महाजालावर मजकूर प्रसिद्ध होणे आणि तो वाचकाच्या नजरेस पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छापील अंक विक्रेता दारात टाकून जातो. संकेतस्थळाचा अंक असा कोणी दारात टाकत नाही. त्याचा बराचसा वाचक शोधयंत्राच्या वाटेने येतो, आणि शोधयंत्राने मांडलेल्या यादीतील पहिल्या काही दुव्यांपलीकडे जाण्याची तसदी फार थोडे वाचक घेतात. यादीत खाली घसरलेले पान जवळजवळ अप्रकाशितच राहते. जगभरच्या प्रकाशकांना ही विवंचना आहे. मराठी प्रकाशकांच्या बाबतीत मात्र तिचा उगम अधिक खोलवर, थेट अक्षरात आहे.

कोल्हापुरातील शाहूपुरीचे उदाहरण घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेली ही व्यापारी पेठ गुळाच्या व्यापाराने नावारूपास आली. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि गणेशमूर्ती घडविणारी कुंभार गल्ली ही तिची आजची ओळख. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शहराच्या अनेक सखल भागांप्रमाणे येथील वस्तीतही पाणी शिरले. अशा वेळी परगावी असलेला मुलगा 'शाहूपुरी पाणी' एवढेच शब्द टंकतो. त्याला हवी असते ती गेल्या तासाभरातील बातमी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी; या दोहोंमधील एकेक फुटाला घरातील माणसांच्या लेखी फार मोठा अर्थ असतो. शोधयंत्रापुढे मात्र प्रश्नांची रांग उभी राहते. शाहूपुरी साताऱ्यातही आहे, आणि दोन्ही शहरांत त्या नावाचे पोलीस ठाणेही आहे. 'पाणी' म्हणजे पुराचे की नळाचे? नाव कोणी 'शाहूपुरी' लिहितो, कोणी 'शाहुपुरी', तर कोणी रोमन अक्षरांत. त्यातच गतवर्षीच्या पुराचे पान जुने असल्यामुळे त्याला दुवे अधिक मिळालेले असतात.

या दुव्यांचे महत्त्व समजण्यासाठी यंत्राची रीत थोडक्यात पाहावी लागेल. शोधयंत्राचा संचारी कार्यक्रम पानामागून पान वाचत जातो, त्यातील शब्दांची सूची करतो आणि वाचकाने विचारणा करताच त्या सूचीतील पानांना क्रम लावतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली 'पेजरँक' पद्धत अशी की, ज्या पानाकडे इतर वजनदार पाने बोट दाखवतात ते पान अधिक मोलाचे. गुगलने पुढे या पद्धतीत असंख्य निकषांची भर घातली. परंतु सूचीत शब्दच नसेल, तर क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही.

मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांचे पहिल्या काळात नेमके हेच झाले. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान होते. परंतु घरोघरच्या संगणकांवर आणि वृत्तपत्रांच्या अक्षरजुळणी विभागांत राज्य होते ते निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांचे. या टंकांत 'क', 'ख' यांचे आकार लॅटिन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. वाचकाला पडद्यावर 'कोल्हापूर' दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक कडबोळा. प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी असल्याने एकाच शब्दाचे दहा टंकांत दहा कडबोळे होत. काही संकेतस्थळे आपला टंक वाचकाच्या संगणकावर आपोआप उतरवीत; त्यामुळे वाचकाची सोय झाली, यंत्राची नाही. वर्षानुवर्षांचे अग्रलेख, बाजारभाव, मृत्युलेख महाजालावर होते आणि तरीही कोणाला शोधून सापडत नव्हते.

पुढे दैनिके एकेक करून युनिकोडकडे वळली. त्या स्थित्यंतराचीही किंमत होतीच. नवी व्यवस्था आली की पानांचे पत्ते बदलतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी वळण देण्याची सोय तंत्रात आहे, पण ती न वापरल्यास जुने दुवे तुटतात आणि त्यांनी मिळवलेले वजन वाया जाते. शिवाय ई-पेपर ही सुविधा दिसायला देखणी असली, तरी त्यातील पान हे पुष्कळदा केवळ चित्र असते.

युनिकोडमुळे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. 'कऱ्हाड' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसऱ्यांदा साध्या 'र' ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते भिन्न आहेत. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. तोवर ते 'अ' वर चंद्र देऊन लिहिले जाई आणि अजूनही जाते. या जोड्या एकरूप आहेत हे यंत्राला मुद्दाम शिकवावे लागते.

व्याकरणाची अडचण त्याहून बिकट आहे. इंग्रजीत स्थळनाम बदलत नाही. मराठीत त्याला प्रत्यय चिकटतो आणि मूळ रूपही पालटते. 'कोल्हापूर' मधील दीर्घ ऊकार 'कोल्हापुरात' येताच ऱ्हस्व होतो. 'गूळ' चे 'गुळाचे' होते. वाचक 'गूळ दर' असे शोधतो आणि बातमीत असते 'गुळाच्या दरात'. शुद्धलेखनाचे नियम काटेकोरपणे पाळणारा उपसंपादकच येथे यंत्राच्या दृष्टीने अडचण ठरतो, हा एक विनोदच म्हणायचा. त्यावर उपाय म्हणून मथळ्यात मूळ रूपांची रास घालण्याची प्रथा रुळली आहे. ती कानाला खटकते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मराठी मथळ्याचा तोल तिने बिघडवला आहे.

क्रमवारीचे निकष वेळोवेळी बदलतात आणि प्रत्येक बदलाबरोबर कोणाचा तरी वाचकवर्ग ओसरतो. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने 'पांडा' हा बदल उथळ आणि उसन्या मजकुराला आवर घालण्यासाठी आणला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चिनी, जपानी व कोरियन वगळता इतर भाषांनाही तो लागू झाला. एप्रिल २०१५ पासून भ्रमणध्वनीवर नीट न उघडणाऱ्या पानांना तेथील शोधात खालची जागा मिळू लागली. स्थानिक वार्ताहराने पाण्यात उभे राहून आणलेली बातमी मोठ्या संकेतस्थळाने चार ओळी बदलून घेतली, तर जुन्या वजनाच्या बळावर नक्कल वर आणि मूळ खाली, असा प्रकार घडू शकतो. मूळ वार्तांकनाला अग्रक्रम देऊ, असे गुगलने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. छोट्या प्रकाशकासाठी हा मुद्दा थेट उत्पन्नाचा आहे. वाचक घटला की जाहिरात घटते. आणि गुगलची जाहिरातसेवाही हिंदीला २०१४ मध्ये खुली झाल्यावर मराठीला आणखी काही वर्षे थांबावे लागले होते.

वृत्तप्रकाशकांच्या डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशन या संघटनेने अखेर भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. वृत्तसंकेतस्थळांचे निम्म्याहून अधिक वाचक शोधयंत्रामार्फत येतात, तरी क्रम कसा लागतो आणि जाहिरातीचा पैसा कसा वाटला जातो हे प्रकाशकांना कळत नाही, असा तिच्या तक्रारीचा रोख होता. आयोगाने ७ जानेवारी २०२२ रोजी चौकशीचे आदेश दिले. तत्पूर्वी फेब्रुवारी २०१८ मध्ये, शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याच्या प्रकरणी आयोगाने गुगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात, प्रथम इंग्रजी व हिंदीत, दुव्यांच्याही वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला. पंचगंगेची पातळी वाचकाला तेथेच समजली, तर ती बंधाऱ्यावरून कळवणाऱ्या वार्ताहराच्या पानावर तो टिचकी मारेलच असे नाही. यादीत पहिला क्रमांक मिळूनही वाचक न मिळणे, हे या व्यवसायापुढचे नवे संकट आहे.