खोताची वाडी : गिरगावातल्या एका गावाची वाटचाल

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी गिरगावातील आपली जमीन तुकड्या-तुकड्याने विकायला काढली. मुंबई शहर तेव्हा किल्ल्याच्या तटाआड होते. गिरगावात माडांच्या वाड्या होत्या. जागा घेणारी बहुतेक कुटुंबे पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली, घरात मात्र मराठीच बोलणारी. वस्तीला नाव लागले ते जमीन विकणाऱ्याचे. घेणाऱ्यांनी ते बदलायचा खटाटोप केला नाही, आणि हे वाडीच्या स्वभावाला धरूनच झाले.

या कुटुंबांनी बांधलेली घरे हीच वाडीची खरी मिळकत. दुमजली, लाकडी, उतरत्या कौलांची घरे. पुढे उघडा व्हरांडा, मागे अंगण, आणि वरच्या खोल्यांकडे जाणारा जिना घराच्या बाहेरून. सज्जाला कोरीव कठडा, पागोळीला लाकडी झालर. व्हरांडा थेट गल्लीवर उघडतो, त्यामुळे येणारा-जाणारा घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही. गल्ल्या आखून काढलेल्या नाहीत. घरांमध्ये जे अंतर उरले त्यालाच वाट म्हटले गेले. मोटार आत शिरत नाही, ही गैरसोय असेल. पुढे तिनेच वाडी राखली.

1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण इथले मूळचे, हे सरकारदरबारी ठसवायचे होते. पुढे मुंबईतल्या 1896 च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि सँडहर्स्ट रस्त्यासाठी दाट वस्ती पाडली गेली. वाडी वाचली.

विसाव्या शतकात भाडेकरू आले. गोवेकर आले, कोकणातले आले. अनंताश्रम ही वाडीतली खानावळ याच काळातली. दिवसाचे पदार्थ फळ्यावर लिहिलेले असत आणि गिरगावकर माशांच्या आमटीसाठी रांग लावत. ती बंद पडली त्याची हळहळ जुनी माणसे अजून करतात. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मिळणाऱ्या भाड्यात कौले शाकारणेही मालकाला परवडेना. वारसदार परदेशी गेले, बिल्डर दारात येऊ लागले, आणि एकेकाळी पासष्टच्या घरात असलेली जुनी घरे तिसाच्याही आत आली.

1995 च्या वारसा नियमावलीने वाडीला संरक्षित परिसराचा दर्जा दिला. त्यानंतरही काही घरे पडलीच, हे नोंदवले पाहिजे. उरलेली टिकली ती रहिवाशांच्या हट्टामुळे. त्यांनी विश्वस्त संस्था उभी केली, नव्या इमारतींविरुद्ध हरकती नोंदवल्या, परिसर दाखवायला वारसा-फेऱ्या काढल्या. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी आपल्या घराची दारे पाहुण्यांसाठी उघडली आणि वाडीचे म्हणणे मुंबईबाहेर पोहोचवले. कागदपत्रांच्या फायली सांभाळणाऱ्या, सह्या गोळा करणाऱ्या शेजाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत. कामाचा मोठा वाटा त्यांचाच.

ऑक्टोबर 2025 मध्ये गिरगावचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आणि इथल्या जागेचा मोह आणखी वाढला. वाडीत राहती घरे अजून आहेत. नाताळाआधी कठड्यांना रंग लागतो, ईस्ट इंडियनांच्या बाटली मसाल्याचे मटण शिजते, आणि घर विकायचे का, या प्रश्नावर दर काही महिन्यांनी कुठल्या तरी व्हरांड्यात पुन्हा बैठक बसते.