उच्च रक्तदाब

धमन्यांमधील रक्ताचा दाब सतत वाढलेला राहण्याचा विकार. बोलीभाषेत ‘बीपी’. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात व दोन आकड्यांत सांगतात : हृदय आकुंचन पावतानाचा वरचा आणि शिथिल होतानाचा खालचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक भरल्यास भारतात साधारणपणे उच्च रक्तदाबाचे निदान करतात.

कारणे : बहुतेक रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. वाढते वय, आनुवंशिकता, जास्त मीठ, लठ्ठपणा, मद्यपान व बैठे काम यांचा त्यात वाटा असतो. काहींमध्ये मूत्रपिंडाचा किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा विकार मुळाशी असतो.

परिणाम : वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करून हृदयाचा स्नायू जाड होतो, धमन्या कठीण होतात. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंडे निकामी होणे व दृष्टी अधू होणे हे यातले मोठे धोके. हे नुकसान वर्षानुवर्षे चालू असताना बहुतेकांचे डोकेही दुखत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हा दाब ठीक असल्याचा पुरावा ठरत नाही. तो मोजावाच लागतो.

तपासणी : दंडाला पट्टा बांधून मोजण्याची पद्धत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली, स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दोन्ही आकडे ठरवण्याची रीत रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि बोलू नये. तिशीनंतर निदान वर्षातून एकदा व गरोदरपणी प्रत्येक भेटीत दाब मोजणे आवश्यक आहे.

उपचार : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, लोणची, पापड, फरसाण यांतले मीठही त्यात धरावे. नियमित चालणे व वजन घटवणे उपयोगी ठरते. औषधांच्या इतिहासात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचे स्थान मोठे आहे. सर्पगंधेच्या उपयोगावरील त्यांच्या १९४९ मधील लेखाने जगभरच्या डॉक्टरांचे या वनस्पतीकडे लक्ष वेधले. आज अधिक सुरक्षित गोळ्या सहज मिळतात. मात्र दाब उतरला म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. तो बहुधा गोळ्यांमुळेच आटोक्यात असतो.