मधली वर्षं

बाबासाहेब शिष्यवृत्तीवर शिकले, एवढंच आपल्याला सांगितलं जातं. हे अर्धं खरं! १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. चार वर्षांत पुन्हा येण्याची परवानगी मात्र मिळवून ठेवली. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. त्या पगारातली बचत, मित्र नवल भथेनांचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. वय २९. इकडे संसार रमाईंनी ओढला. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

आज नामांकित विद्यापीठात अर्ज करणाऱ्या आपल्या नोकरदार पोरापोरींना 'मध्ये गॅप का?' असं विचारतात. गॅप कसली? घर चालवत होते ते! बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले.